टोकांच्या खाली

दुकानात ब्रशांची एक अख्खी भिंत होती. तिच्यासमोर आत्या पंधरा मिनिटं उभी होती. स्वतःच्या केसांसाठी तिने उभ्या जन्मात एवढा वेळ घालवला नव्हता. तिचे केस सरळ आणि पातळ होते. हाताने मागे सारले तरी दिवसभर जागचे हलत नसत.

प्रश्न भाचीच्या केसांचा होता. तीन महिन्यांपूर्वी आत्याची वहिनी वारली आणि भावाची सात वर्षांची मुलगी तिच्याकडे राहायला आली. भाऊ मालवाहू जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. "मी बघते तिला," असं आत्या म्हणाली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे जेवण, शाळा, तापाच्या गोळ्या, सगळं आलं होतं. केस आले नव्हते.

मुलीला सगळे भुंगी म्हणत, कारण खाताना, खेळताना, बूट घालतानासुद्धा ती तोंड मिटून गुणगुणत असे. केस मात्र थेट आईचे. काळे, दाट, स्प्रिंगसारखे कुरळे, जेमतेम खांद्यापर्यंत. रात्री उशीवर डोकं टेकलं की सकाळी त्यांचं घरटं. मग कंगवा, मग रडारड, मग शाळेची गाडी चुकणं. परवा शाळेच्या बाईंनी वहीत लिहून पाठवलं होतं, 'केस विंचरून पाठवावेत.' तेवढ्या तीन शब्दांनी आत्या दिवसभर खजील झाली.

"कुरळ्या केसांना हा गादीवाला नको," दुकानवाल्या बाई म्हणाल्या. "केस फुलतात नुसते, गुंता तसाच राहतो. लाकडी तर बघूच नका. हा घ्या."

तो साधा, राखाडी, हलका ब्रश होता. दात लांबट, विरळ, आणि बोट लावलं की वाकणारे. बाईंनी तो आत्याच्या मनगटावरून फिरवला.

"गाठ आली की दातच माघार घेतो, केस तुटत नाही. केस ओले करायचे, तळहातभर कंडिशनर लावायचं, आणि टोकापासून सुरुवात. टोक मोकळं झालं की दोन बोटं वर. वरून खाली ओढलंत तर गाठ आवळत जाते."

आत्याने मान डोलावली. ती चष्म्याच्या कारखान्यात घासून आलेली भिंगं तपासायची. टप्प्याटप्प्याने करायच्या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

त्याच संध्याकाळी तिने भुंगीला खिडकीशी स्टुलावर बसवलं आणि मागे पलंगाच्या कडेवर बसून सुरुवात केली. पहिल्या पाच मिनिटांतच फरक कळला. ब्रश गुंत्यात शिरायचा, थबकायचा, दात वाकायचे आणि गाठ हळूच सैल पडायची. भुंगी आधी खांदे आवळून बसली होती. मग खांदे उतरले. मग गुणगुणणं सुरू झालं.

"आत्या, दुखत नाहीये," ती नवलाने म्हणाली.

आत्याला एवढं बरं वाटलं, की तिने पुढची बट लगेच हातात घेतली.

आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. शनिवारी ब्रश धुताना आत्याने दातांत अडकलेले केस काढले, आणि त्यातला एक संपता संपेना. बोटाला गुंडाळत गेली तरी येतच राहिला. तिने तो बेसिनवर ताणून धरला. कुरळा होता, काळा होता, आणि तिच्या कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत पुरून वर उरला. मुळाकडची वीतभर लांबी पांढरी होती.

सात वर्षांच्या मुलीला पांढरा केस. होतं म्हणे असंही कधी कधी. लांबीचं काय, ते मात्र तिला सुचेना. सोमवारी तिने तो कागदाच्या पुडीत घालून कामावर नेला आणि दुपारच्या सुट्टीत भिंगाखाली धरला. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण डोकावली.

"काय गं, नवऱ्याच्या कोटावर सापडला की काय?"

"नवरा कुठाय मला!"

"मग कोणाचा आहे?"

आत्याने केस पुन्हा पुडीत ठेवला.

त्या संध्याकाळी तिने नेहमीसारखंच टोकापासून विंचरायला घेतलं. एक बट हातात धरली, ब्रश टोकातून खाली ओढला. बट सुटली, लवून पुन्हा वर गेली. ब्रश मात्र थांबला.

तो भुंगीच्या खांद्याच्या चार बोटं खाली होता. तिथे केस नव्हते. फ्रॉकची पाठ होती, आणि तिच्यापासून ब्रश चांगला वीतभर लांब होता. तरी दात वाकले होते, गाठीवर वाकतात तसे.

आत्याने ब्रश मोकळा सोडून पाहिला नाही. सोडला असता आणि तो तिथेच राहिला असता, तर काय करायचं, ते तिला ठाऊक नव्हतं. तिने हलक्या हाताने तो थोडा वर घेतला, पुन्हा खाली आणला. गाठ सुटली. हातात वजन आलं आणि गेलं.

"हळू," भुंगी म्हणाली.

"दुखलं का?"

"मला नाही."

भात लावायला आत्या उठली तेव्हा तिचे हात ओले होते, कोपरापर्यंत.

दुसऱ्या दिवशी हवा तशीच भरलेली होती. तिसऱ्या दिवशीही. डोळ्यांना दिसत काही नव्हतं. आत्याने दिवा लावून, खिडकी उघडून, चष्मा पुसून पाहिलं. हाताने चाचपडलं तर काही लागायचं नाही. फक्त ब्रशला लागायचं. तिने अंदाज घेतला. कमरेच्याही खालपर्यंत केस, आणि मधे मुठीएवढ्या जटा, एकीत एक अडकलेल्या.

चौथ्या दिवशी एका जटेतून काहीतरी टपकन फरशीवर पडलं. आत्याने वाकून उचललं. प्लास्टिकच्या कंगव्याचा एक दात होता. हिरवा.

ती पलंगावर बसूनच राहिली.

इस्पितळातला तो शेवटचा महिना. वहिनीला उठून बसवत नव्हतं, आणि उशीवर घासून घासून तिच्या केसांचा नुसता लगदा झाला होता. नर्स म्हणाली, "कापून टाकू या." वहिनी म्हणाली, "नको. बरी झाले की मीच सोडवीन." मग एका दुपारी आत्याने घरचा हिरवा कंगवा नेला. बारीक दातांचा. वरून खाली ओढला. वहिनीच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ती हूं की चूं म्हणाली नाही. कंगव्याचा दात मोडून आत राहिला. आत्याला कामावर जायचं होतं. "राहू दे आता, पुढच्या वेळी बघू," असं म्हणून ती निघाली होती.

पुढची वेळ आलीच नाही. वहिनीला नेलं ते तसंच, जटांसकट.

आत्याने तो दात मुठीत धरला आणि म्हणाली, "भुंगे, इथे कोण आहे?"

भुंगी खिडकीबाहेर बघत होती. "सोडव ना आत्या. तिला आता बरं वाटतंय."

घाबरून घर सोडणारी बाई आत्या नव्हती. शिवाय, खरं सांगायचं तर तिला भीतीहून लाजच जास्त वाटली. अर्धवट टाकलेलं काम तिच्यापुढे पुन्हा आलं होतं. ते पुरं केलं की संपेल, असं तिने मनाशी धरलं. शनिवारी ती पुन्हा त्या दुकानात गेली.

"आता मोठा हवा," ती म्हणाली. "मोठ्या बाईच्या केसांसाठी. फार जटा झाल्यात."

"किती दिवसांच्या?"

"चारेक महिने झाले."

दुकानवाल्या बाईंनी तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. "मग ब्रश काय करणार, ताई? कापून टाका सरळ."

"ती कापू देत नाही."

बाईंनी रुंद, दोन उंचीच्या दातांचा एक ब्रश काढून दिला. लांब दात गाठ फोडणार, आखूड दात पाठोपाठ साफ करणार. आत्याने तो मनगटावर फिरवून पाहिला आणि घेतला.

मग रोज संध्याकाळी दीड तास, दोन तास. आत्या फरशीवर मांडी घालून बसायची, कारण टोकं तिथवर येत होती. दोन बोटं मोकळी झाली की दोन बोटं वर. रोज एक जट तरी सुटायची. सुटलेला भाग ब्रशखालून पाण्यासारखा वाहायचा, आणि आत्याला, खोटं कशाला बोला, समाधान वाटायचं.

एवढ्यात भुंगीचं गुणगुणणं कधी थांबलं, ते तिच्या लक्षातच आलं नाही. भावाचा रविवारी फोन आला तेव्हा ते कळलं.

"मागे आवाज कसा नाही गं?" तो म्हणाला. "आमचा भुंगा झोपला का?"

आत्याने वळून पाहिलं. भुंगी स्टुलावरच बसली होती, सकाळपासून, पाठ करून. मान जराशी मागे. कोणाच्या तरी मांडीवर डोकं टेकल्यासारखी.

"इथेच आहे," आत्या म्हणाली. "दमलीय."

त्या दिवसापासून आत्या बघायला लागली. दुधाचा पेला तसाच राहत होता. शाळेच्या बाई म्हणाल्या, हाक मारली तर तिसऱ्यांदा ओ देते. हात गार असायचे. ताप नाही, खोकला नाही. आत्याने विचारलं, "भुंगे, तुला काय होतंय?" तर ती गोड हसायची, पाहुण्याकडे बघून हसतात तसं.

जटा संपत आल्या. मानेपाशी एकच उरली, सगळ्यात मोठी. गुरुवारी संध्याकाळी आत्याने तिला ब्रश लावला तेव्हा भुंगीने बऱ्याच दिवसांनी आपणहून तोंड उघडलं.

"ही शेवटची ना?"

"हो."

"झाली की आम्ही निघणार."

आत्याचा हात थांबला. "कुठे?"

"ती म्हणते, केस असे घेऊन कसं जायचं, म्हणून थांबलेय."

"आणि तू?"

भुंगीने मान थोडी पुढे केली, गाठ नीट हाताशी यावी म्हणून.

आत्याने ब्रश खाली ठेवला. त्या संध्याकाळी तिने विंचरलं नाही, आणि सकाळ होताच शाळेऐवजी भुंगीला घेऊन कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये गेली.

"अगदी बारीक करा," ती म्हणाली. "मुलासारखे."

"अहो, इतके सुंदर केस!" पार्लरवाली हळहळली. "पुढच्या महिन्यात पस्तावाल."

"कापा."

भुंगी रडेल, हिसकाहिसकी करेल, असं आत्याला वाटलं होतं. तिची तयारीही होती. पण भुंगी आरशात बघत शांत बसली. कात्री मानेपाशी आली तेव्हा पार्लरवालीने मनगट झटकलं. "धार गेली वाटतं," असं म्हणून तिने दुसरी कात्री घेतली. दोन्ही हातांनी दाबली. कचकन आवाज झाला.

भुंगीचं डोकं पुढे कलंडलं, मागून धरलेलं कोणी सोडावं तसं.

"झालं, झालं, बाळा," पार्लरवाली म्हणाली.

बोटभर कुरळे केस राहिले होते. घरी आल्यावर आत्याने दोन्ही ब्रश घेऊन खिडकीपाशी, स्टुलाभोवती, फरशीपर्यंत हवा विंचरली. कुठेच काही लागलं नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून रडली. वाचवलं, असं तिला वाटलं.

भुंगीने त्या दिवशी जेवण भरवलं तर खाल्लं. झोपवलं तर झोपली. सकाळी उठवलं तर उठून बसली, आणि पुन्हा कोणी उठवेपर्यंत तशीच बसून राहिली.

डॉक्टरांनी कान तपासले, डोळ्यांत उजेड टाकला, गुडघ्यावर हातोडी मारली. सगळं ठीक होतं. "आईचा धक्का आहे," ते म्हणाले. "उशिरा बसतो कधी कधी. वेळ द्या."

आत्याने वेळ दिला. रजा काढली. गोष्टी सांगितल्या, बाहुली आणली, फोन कानाला लावून बापाचा आवाज ऐकवला. तो जहाजावरून हाका मारत राहिला. भुंगीच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. फोन ठेवताना भाऊ म्हणाला, "ताई, तिला काय झालंय?"

पंधरा दिवस गेले.

रविवारी दुपारी तिने भुंगीचं डोकं धुतलं. टॉवेलने पुसलं, खुर्चीत बसवलं. खोलीत लख्ख ऊन होतं. आत्याने तो पहिला, राखाडी ब्रश उचलला आणि बोटभर केसांतून फिरवला. ना गाठ, ना गुंता. बाहुलीच्या डोक्यावरून फिरवावा तसा तो फिरला.

ब्रश ठेवायला ती कपाटाकडे निघाली.

वाटेत दारापाशी तो हातातल्या हातात अडखळला.

आत्या थांबली. ब्रश तिच्या कमरेच्या उंचीवर होता, दात जेमतेम वाकलेले. तिने तो खाली नेला. बोटभरातच सुटला. पुन्हा वर आणला. आखूड. कुरळे. टोकं बोथट, नुकती कात्री लागलेली.

शेजारी, थोडं वर, तिने ब्रश सरकवला. तिथे तो फरशीपर्यंत सरसरत गेला. मानेपाशी फक्त एकदा अडला.

तिने वळून खुर्चीकडे पाहिलं. भुंगी खिडकीकडे तोंड करून बसली होती. केसांतून एक थेंब मानेवर ओघळत होता आणि तिला तो कळत नव्हता.

"भुंगे," आत्या दाराकडे बघत म्हणाली.

तिने ब्रश पुन्हा त्या आखूड केसांत घातला आणि जरा ओढला.

खुर्चीतलं डोकं हललं नाही.

ब्रशखाली मात्र काहीतरी झटकन मागे आलं, ओढ बसली की लहान मूल येतं तसं, आणि मग सुटून पुढे, दाराबाहेर गेलं.