अविवाहित असल्याचा दाखला

परदेशात चालतील असे कागद करून देणं हा माझा चौदा वर्षांचा धंदा. आधी नोटरी, मग सरकारी खातं, मग वकिलात. प्रत्येक ठिकाणी एक शिक्का. शिक्का खरा की खोटा, हे मला नुसतं बोट फिरवून कळतं. त्यामुळे भाचीचं काम मी हसत हसत अंगावर घेतलं. तिचं लग्न तिकडे नोकरीला असलेल्या मुलाशी ठरलं होतं. 'ही अविवाहित आहे' एवढाच दाखला साक्षांकित करून हवा होता. तिकीट बावीस तारखेचं.

विवाह नोंदणी कार्यालयाच्या पहिल्याच खिडकीवर घोडं अडलं.

"मॅडम, हा दाखला नाही मिळायचा," कारकून चष्मा कपाळावर सरकवत म्हणाला. "यांचं लग्न झालंय."

"नावासारखं नाव असेल कुणाचं तरी."

त्याने रजिस्टर आमच्याकडे फिरवलं. नोंद नऊ वर्षांपूर्वीची. तेव्हा ती बारावीत होती. फोटो मात्र आत्ताच्या भाचीचा, हनुवटीवरच्या व्रणासकट. तो व्रण गेल्या वर्षी स्कूटरवरून पडल्याचा. सही तिचीच. शेजारच्या नवऱ्याचा चेहरा चारचौघांसारखा. नजर हटवली की आठवेना. मी शिक्क्यावर बोट फिरवलं.

शिक्का खरा होता.

"मावशी, मला हसूच येतंय गं," भाची म्हणाली. ओठ पांढरेफटक पडले होते.

नोंदीतला पत्ता दोन गल्ल्या सोडून होता. आधी वकिलांना विचारू, असं मी म्हणत होते, ती ऐकेना. "कोण आहे तो, बघूनच घेते."

भर दुपारी आम्ही त्या चार मजली इमारतीत शिरलो. जिन्यात नुकत्याच पुसलेल्या फरशीचा वास होता. पहिल्या मजल्यावर माझा फोन वाजला, वकिलातीतून होता.

"तू बोल, मी पुढे होते," ती म्हणाली. "तिसरा मजला, डाव्या हाताला."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. पत्त्यात फक्त इमारतीचा नंबर होता.

मी धावतच वर गेले. फोन चार मिनिटं चालला होता, तेवढाच वेळ गेला होता.

दार तिनेच उघडलं. हात ओले, पदर खोचलेला. केसांत एक पांढरी बट.

"अगं मावशी! किती दिवसांनी! ये ना आत, हे आत्ताच जेवायला बसलेत."

आत कुणीतरी खुर्ची सरकवली.

"चल बाळा, खाली चल." मी म्हणाले. "आपलं काम राहिलंय."

"कसलं काम?" ती खरंच आठवून बघत होती.

मी तिचा हात धरला. उबदार होता. तिने तो हळूच सोडवून घेतला. गॅसवर काहीतरी ठेवून आलेली बाई सोडवून घेते, तसा.

"थांब हं," म्हणत ती आत वळली.

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या. मुलाची उंची मोजल्याच्या. सगळ्यात खालची माझ्या मांडीशी, सगळ्यात वरची छातीशी. प्रत्येक रेघेपुढे भाचीच्या अक्षरात तारीख.

वरच्या रेघेची तारीख आजची होती.