दीड मीटर

शेवटी ती नाही म्हणाली. असो. असं काही झालेलंच नाही असं धरून चालू. कारण मोजणीवाला तलावाच्या बांधावरून घसरत थेट तिच्या पायाशी येऊन थांबला, तेव्हा तिनं अजून काहीच म्हटलं नव्हतं.

"उठताय, की इथूनच मोजणार?" तिनं विचारलं.

"इथली जागा... मोजून झाली," तो म्हणाला. कपाळभर चिखल, पण चेहरा सरकारी.

ती पाटकऱ्याची मुलगी. पाटाचं दार उघडून कोणाच्या शेताला किती वेळ पाणी सोडायचं हे तिचे वडील ठरवत, आणि त्यावरून दोन्ही काठांच्या शिव्या समान वाटपानं खात. घर तलावालगतच. मोजणीवाल्याचा मदतनीस तापानं आडवा झालेला, म्हणून आकड्यांची उंच पट्टी धरायला ती आली. "जा," वडील म्हणाले होते, "नाहीतरी कपडे वाळतच नाहीयेत." पंधरा दिवस आभाळ ओल्या पोत्यासारखं डोक्यावर ठिबकत होतं.

योजना साधी होती. जादा पाणी ज्यावरून वाहून जातं तो तलावाचा सांडवा दीड मीटरनं उंच करायचा, म्हणजे पाणी जास्त साठेल आणि पाटाच्या शेवटच्या टोकाची शेतं, जिथं पाणी फक्त अफवा म्हणून पोहोचायचं, तीही भिजतील. तलाव कुठवर चढेल ती रेघ शोधायची, एवढंच काम.

कार्यालयानं दिलेलं यंत्र त्याच्याहून वयानं मोठं. त्याच्या दुर्बिणीतून जग उलटं दिसे – आभाळ खाली, चिखल वर, आणि मधोमध पट्टी धरून ती, डोक्यावर उभी. मुरलेल्या मोजणीवाल्यांना याची सवय असते. याला नोकरी लागून दोन महिने झाले होते. याला एवढंच दिसलं, की ती हसतेय. रोज. दर खुणेला. तो आकडा वाचायचा, मग उगाच पुन्हा वाचायचा.

"पट्टी सरळ आहे की!" ती लांबून ओरडायची.

"जरा डावीकडे... नको, होती तशीच बरी होती."

"नक्की काय मोजताय, साहेब?"

"पातळी."

"कोणाची?"

नवव्या दिवशी रेघ पाटकऱ्याच्या घराशी आली आणि थांबली नाही. उंबऱ्याच्या हातभर वर त्यानं लाल खूण केली.

"तुम्ही तर... रोज हसत होता," तो पुटपुटला. "दुर्बिणीतून."

ती यंत्रापाशी गेली. डोळा लावला. उंबऱ्यावर वडील बसले होते.

"बाबा हसतायत," ती हळूच म्हणाली. "महिन्यात पहिल्यांदा."

मग दोघांनी यंत्राशिवाय पाहिलं. बाबा हसत नव्हते; ओठांची टोकं खाली वळलेली होती.

"रेघ कुठं निघालीय हे पट्टी धरणारीला कळत नाही होय?" ती म्हणाली.

"एक मीटर लिहितो. कोणाला कळणार?"

"शेवटच्या टोकाला कळेल. माझी मावशी असते तिथं. दोन वर्षं तिच्या शेतात काही उगवलं नाहीये. दीडच लिहा."

"मग मी... आत येऊन बाबांना एक विचारू?"

"आज? हातात रंगाचा डबा घेऊन?" ती खरंच हसली, सरळ, यंत्राबिंत्राशिवाय. मग डोळे पुसले. "घर आहे तोवर कधीही या. या दारात विचारलंत तर हो म्हणेन. दुसऱ्या कुठल्या दारात मात्र... तुम्ही मला फक्त घर बुडवणारे साहेब दिसाल."

तो हात धुवायला गेला तो थेट पुढच्या पावसाळ्यापर्यंत. आधी रंग निघेना, मग धीर होईना, मग वाक्य जुळेना. वाटलं, घाई कसली? या कार्यालयात कागद टेबलावरून टेबलावर जायला पिढी लागते. हा एकच कागद, का कोण जाणे, धावत सुटला.

तो पोहोचला तेव्हा उंबऱ्यावरून तलाव आत शिरला होता.

मग तो मावशीच्या दारात गेला; बापलेक आता तिथंच राहत होते. शेत हिरवंगार. त्यानं विचारलं. पाटकऱ्याच्या मुलीनं भेंडीची टोपली खाली ठेवली... आणि जे झालेलं नाही असं धरून आपण इथवर आलो, ते झालं. निघताना तिनं त्याच्या पिशवीत भेंडी भरून दिली.

दुसऱ्या दिवशी त्यानं अर्ज टाकला:

"विषय : तलाव एक दिवस उतरवणेबाबत. महोदय, सदर तलाव आपल्या सोयीच्या कोणत्याही एका दिवशी, सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळेत, जुन्या पातळीपर्यंत उतरवण्यात यावा, जेणेकरून अर्जदारास बुडीत क्षेत्रातील एका दारात उभे राहून एक प्रश्न विचारता येईल. संबंधित मुलीस तसे आगाऊ कळवावे. शेवटच्या टोकाच्या पाण्यात कपात करू नये, ही विनंती."