पाच बदामाआधीचं अर्धं मिनिट

पत्त्यांच्या ब्रिज स्पर्धेत, अंतिम फेरीच्या दुपारीच क्लबची लिफ्ट बंद पडली, आणि आत अडकले ते नेमके मामा! बाहेर पडताना त्यांचा पाय असा मुरगळला की दुखण्यापुढे पानांवर लक्षच लागेना. आता ऐन वेळी जोडीदार कुठून आणायचा? त्यांच्याबरोबर खेळणाऱ्या, दातांची डॉक्टर असलेल्या भाचीच्या तोंडचं पाणीच पळालं.

"अगं, हा खेळतो म्हणे!" मामांनी लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्यालाच पुढे ढकललं.

"आईनं शिकवलंय," तो हात पुसत म्हणाला. "स्पर्धेत कधी बसलो नाही हं."

"एक्के विचारता येतात?" तिनं विचारलं.

"चार नो-ट्रम्प म्हणजे, तुमच्याकडे एक्के किती? एक असेल तर पाच चौकट, दोन असतील तर पाच बदाम... तीन असले तर मी हसेनच, डॉक्टर. चेहऱ्यावरून कळेल."

"चेहऱ्याकडे बघायचं नसतं! जोडीदार हसू दे, अडखळू दे... विश्वास बोलीवर. बाकी लबाडी."

पण खेळला काय झकास! स्वतःचं चुकलं की सबब नाही, तिचं चुकलं की कपाळाला आठी नाही. असा माणूस तिनं पाहिलाच नव्हता. जिंकलेली जोडी मोठ्या स्पर्धेला जाणार, म्हणजे दोन महिने एकत्र सराव. हरलं तर लिफ्ट सुरू होणार आणि हा आपल्या वाटेनं जाणार. तिला तो जायला नको होता, बस्स.

शेवटचा डाव. बदाम हुकूम ठरला. सात बदाम, म्हणजे तेराच्या तेरा हात, बोलून केले तर जिंकणं नक्की; सहावर थांबलं तर नशिबावर. तिच्याकडे दोन एक्के. तिनं चार नो-ट्रम्पचं कार्ड ठेवलं.

तो थांबला. हात तसाच हवेत... चांगलं अर्धं मिनिट! मग पाच बदाम.

दोन एक्के? की विसरला बिचारा? एक जरी कमी निघाला तर सगळंच बुडणार. सहावर थांबावं... पण त्याच्या अडखळण्यावरून थांबायचं, ही लबाडी तिच्या हातून होणारी नव्हती. तिनं सात बदाम ठेवले. मामांनी डोळेच मिटले.

प्रतिस्पर्ध्यानं पहिलं पान टाकलं आणि तिच्या जोडीदारानं आपली पानं टेबलावर मांडली. इस्पिकचा एक्का. किलवरचा एक्का! तेराही हात आले, आणि मामा दुखरा पाय विसरून उभे राहिले.

जिना उतरताना तिनं त्याला गाठलंच. "अर्धं मिनिट काय करत होता? जीव गेला माझा!"

"उत्तर लगेच ठाऊक होतं हो. तुम्ही ओठ चावत बसला होता... मी बघतच राहिलो."

"बघायचं नसतं, सांगितलं होतं ना?"

"हो, पण... डॉक्टर, दोन महिने सराव आहेच. त्यानंतर... नाही, म्हणजे मला..."

ती पायरीवर थांबली. "अडखळण्याकडे मी लक्ष देत नाही. बोली सांगा."

"तुम्ही मला फार आवडता."

"तुम्हीही मला," ती म्हणाली, अर्धा क्षणही न घेता.