अंजिराखालचं पांढरं अस्तर

सकाळी खिडकी उघडली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंगणातल्या तिच्या अंजिराला कवेत घेऊन, खोडाला कान लावून एक अनोळखी तरुण उभा होता!

“अहो! ओ! काय चाललंय?”

त्याने ओठांवर बोट ठेवलं. “श्श... आत कुणीतरी जेवतंय.”

आता काय म्हणावं या माणसाला! शिवायला घेतलेला ब्लाउज तसाच टाकून, गळ्यातल्या टेपसकट ती तडक खाली आली. अख्खी इमारत तिला ‘ठिणगी’ म्हणायची, ते काही उगीच नाही. तो निघाला उद्यान खात्याचा तपासनीस. झाड पोखरलंय, कधीही पडेल, तोडायची परवानगी द्या, असा सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांचा अर्ज आला होता.

“पडेल म्हणे! गाडी लावायला जागा हवीय, ते नाही वाटतं लिहिलं?” तिचा आवाज चढला. “माझ्या बाबांनी लावलंय हे झाड. बाबा गेले, आता एवढंच उरलंय. हात तर लावून बघा!”

“हात तर कधीचा लावलाय...” तो गालात हसला. मग खोडावरचे पांढरे ठिपके दाखवत म्हणाला, “हे सिमेंट कुणी भरलं?”

“मी. भोकं दिसली, बुजवली. घोटून घोटून!”

“वा. खोडकिड्याला पक्कं घर बांधून दिलंत. आत त्याची नुसती चैन चाललीय.”

तिचे कान तापले. तो खरं बोलतोय हे कळल्यावर तर जास्तच.

“आधी किडे काढू. मग भोकांतून नवा भुसा पडायचा थांबला की पुढे पंधरा दिवस बघायचं,” तो म्हणाला. “नाही पडला, तर झाड वाचलं. पण पडला तर मी खोटं लिहिणार नाही हं.”

“कुणी सांगितलंय खोटं लिहायला!”

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधीच तो पिशवी घेऊन हजर. दोघांनी सिमेंट खरवडून काढलं. त्याने भोकात लवचीक तार सरकवली, फिरवली आणि हलकेच ओढली... टोकाला बोटाएवढी गुबगुबीत पांढरी अळी!

“मेले! बाबांचं झाड खातेस?” ठिणगी किंचाळली.

“इतकं तर माझी आईसुद्धा मला बोलत नाही.”

“बोलायला हवं होतं!”

मग कडुनिंबाच्या तेलात भिजवलेला कापसाचा बोळा आत सारायचा आणि वर शेणमातीचं लिंपण. नाक मुरडत का होईना, शेणमाती तिनेच कालवली. “एखादं जालीम विष ओतलं असतं तर लवकर नसतं का आटोपलं?”

“आणि अंजिरं मग कोण खाणार? मला तर द्यायची असतील ना तुम्हाला...”

“स्वप्नं बघा!” ती फणकारली. घमेल्यात दोघांची बोटं एकमेकांना लागली. तिने हात मागे घेतला, पण जरा उशिराच.

भुसा चटकन दिसावा म्हणून तिने अस्तराचं पांढरं कापड झाडाखाली अंथरलं. रोज सकाळी दोघं त्यावर वाकून बघायची. त्याच्या शर्टाला कडुनिंबाचा कडू वास यायचा आणि तो तिला आवडायला लागला होता, याचाच तिला राग यायचा. सहाव्या दिवशी कापडावर चिमूटभर ताजा भुसा दिसला.

“झटकून टाकूया ना... कुणाला कळणार?”

“मला कळेल. आता दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.”

“दगड आहात तुम्ही!” दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तो मात्र आला, मुकाट्याने बुंध्याशी उकिडवा बसला आणि त्याने सालीखाली लपलेलं शेवटचं भोक शोधून काढलं.

त्यानंतरचे पंधरा दिवस कापड स्वच्छ राहिलं. सोळाव्या सकाळी तो फॉर्म घेऊन आला, पेन उघडलं आणि... बंद केलं.

“मला सही नाही करता येणार.”

ठिणगीचा भडका उडाला. “काय? इतके दिवस शेण कालवून घेतलंत माझ्याकडून! सेक्रेटरीकाकांना घाबरलात? माझ्या बाबांचं झाड—”

“म्हणून तर आमच्या मोठ्या मॅडमना आणलंय.” त्याने मागे बोट दाखवलं. चष्मा लावलेल्या एक बाई खोडावर टकटक करत होत्या. “फॉर्मची शेवटची ओळ वाचा.”

तिने फॉर्म हिसकावला. ‘झाडाच्या मालकाशी माझे कोणतेही नाते अथवा हितसंबंध नाहीत.’

“मग? काय नातं आहे आपलं?”

“अजून नाही... पण रात्रंदिवस तेच मनात असतं. मग त्या ओळीखाली सही कशी करू?”

मॅडमनी फॉर्म तिच्या हातातून घेतला. झाड निरोगी, तोडू नये असं लिहून झोकात सही केली. “तुमचं आटपा लवकर. मला अजून तीन झाडं बघायचीयत.”

ठिणगीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र टिपेला गेला होता. “म्हणजे खात्याच्या फॉर्मला आधी कळतं, मॅडमना कळतं, आणि मला सगळ्यांत शेवटी? ही काय पद्धत झाली? आधी मला विचारायचं!”

“मग... विचारू?”

“विचारा की! आणि मी हो म्हटलं तरी राग गेला असं समजू नका!”