दौवेची लांब रेघ

स्वस्तातली चिप निवडून विब्रेनला काय मिळणार होतं? हार्लिंगनच्या रेडिओ क्लबातले हौशी यंदा घरी जो संच जोडणार, त्यावर त्याचं नाव. शिवाय क्लबातल्या हानेकेचं तोंड बंद. हवी ती फ्रिक्वेन्सी तयार करणारी चिप नवी, महागडीच घ्यावी, हा हानेकेचा हट्ट. विब्रेनने मात्र दोन प्लेट हेरिंग माशांच्या भावात डबाभर आणल्या.

"कुठून रे?"

"आफ्केकडून. दौवेच्या खोलीतल्या."

दौवे नुकताच वारला होता; आफ्के त्याची बायको. सभासद वारला की त्याचं सामान रास्त भावाने विकून पैसे बायकोला पोचवायचे, ही क्लबाची रीत.

"आणि तिला काय सांगितलंस?"

"भंगार आहे म्हणालो."

"शाबास! आता मेलेल्याच्याही खिशात हात."

बांधालगतच्या पंपघरात, क्लबाच्या टेबलावर, त्याने पहिली चिप जोडली. फ्रिक्वेन्सी सांगेपर्यंत चिप मुकी असते. पण शेजारचा रिसीव्हर शिटी वाजवू लागला. दौवे रोज दुपारी ज्या फ्रिक्वेन्सीवर बसायचा, तिथेच.

"बिघडलेली दिसतेय," विब्रेन म्हणाला.

दुसरी लावली. तीच जागा.

मग शिटी तुटू लागली. ठिपका, रेघ, रेघ. मोर्समध्ये विब्रेनची हवेतली खूण. मोर्स पाठवणाऱ्याचा हात हस्ताक्षरासारखा ओळखू येतो. विब्रेनचा नेटका, तोडून टाकणारा; दौवे शेवटची रेघ उगाच लांबवायचा.

ही लांबली.

हानेकेने कप खाली ठेवला. "तुलाच हाक मारतोय. उत्तर दे की, दीडशहाण्या."

हाक आली आणि उत्तर दिलं नाही, असं या लोकांत होत नाही. विब्रेनने बटण दाबत आपली खूण पाठवली. शेवटची रेघ लांबली. त्याने पुन्हा पाठवली.

पुन्हा लांबली.

"चेष्टा पुरे," हानेके म्हणाली. तिचा आवाज उतरला होता.

"मी नाही करत."

त्याने तारा उपटल्या आणि चिपांचे खरे पैसे घेऊन तडक आफ्केचं घर गाठलं. घंटा दाबली. बोट वेळेवर उठलं नाही; घंटा लांबली.

दार लगेच उघडलं. टेबलावर कॉफीचे दोन कप भरून ठेवले होते.

"आफ्के, माझं चुकलं. हे तुमचे पैसे."

तिने नोटांकडे पाहिलंही नाही. त्याच्या गळ्यातला मफलर काढून खुंटीला अडकवला.

"अरे, घरच्या माणसाने कसले पैसे द्यायचे? बस. गार होतेय."

नोटा खिशात परत गेल्या. पैसे विब्रेनचे वाचले. आफ्केचंही काही बुडालं नाही.

कॉफी काळी होती, दौवे प्यायचा तशी. विब्रेन दुधाशिवाय कधी पीत नसे.

त्याला ती नेहमीसारखीच लागली.