दबलेली लव

जुन्या गालिच्याची किंमत त्याच्या वासावरून ठरते, असं सांगितलं की लोक हसतात. पण आमच्याकडे ते खरं आहे. शिक्रापूरहून चाकणकडे वळलं की थोड्याच अंतरावर, वजनकाट्याच्या मागे आमचं पत्र्याचं शेड लागतं. हॉटेलं, ऑफिसं, मंगल कार्यालयं यांनी काढून टाकलेले गालिचे तिथे ट्रकने येतात. त्यांचा एक धागा उपटून काडीवर जाळायचा. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर. मेणबत्तीसारखा आला तर हलका माल. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन, आणि नायलॉनला गिऱ्हाईक चांगलं. मग पाठीचं रबर सोलायचं, पट्ट्या कापायच्या आणि पिंजायच्या मशीनमध्ये घालायच्या. दुसऱ्या बाजूने मऊ, मोकळा धागा बाहेर पडतो. त्याच्या गाद्या होतात, गाड्यांमध्ये घालायचे नमदे होतात. टाकलेल्यातूनही चांगलं ते काढून घ्यावं, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. सांगायला बरं वाटतं.

वास ओळखण्यात नकुशीचा हात धरणारं कुणी नाही. डोळे मिटून ती तीन गालिचे वेगळे करते. वय तेहतीस, शिक्रापुरात खोली घेऊन एकटी राहते. सहा वर्षांपूर्वी ती काम मागायला आली, तेव्हा तिने कागदावर लिहिलं होतं: वडील कोंडिबा, मयत, मुक्काम दौंड. मी तो कागद दोनदा वाचला आणि तिला त्याच दिवशी कामावर घेतलं. तेव्हापासून ती मला देवमाणूस म्हणायची. दर दिवाळीला वाकून पाया पडायची. मी पाय मागे घ्यायचो, तर त्याचंही तिला कौतुक वाटायचं.

मी देवमाणूस नाही. काय आहे ते सांगतो.

बावीस वर्षांपूर्वी मी दौंडजवळच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला हजेरी लिहायला होतो. शिरूरचा पोरगा, नवी नोकरी, इस्त्रीचे कपडे. आमच्या खोलीत नुकताच निळा गालिचा घातला होता. कामगार चपला दाराबाहेर काढून आत यायचे आणि गालिच्यावर उभे राहायचे. ‘बस’ म्हटल्याशिवाय कुणी बसत नसे, आणि आम्ही ‘बस’ म्हणत नसू. आमचा साहेबपणा एवढाच होता.

कोंडिबा हा कंत्राटावरचा कामगार, माझ्या वडिलांच्या वयाचा. एके दिवशी सकाळी दहाला तो एक कागद घेऊन आला. बायकोला मोठ्या दवाखान्यात हलवायचं होतं, त्यासाठी कारखान्याचा शिक्का हवा होता. शिक्का माझ्या खणात होता. मी म्हटलं, “साहेब आले नाहीत. थांबा.”

कारण सांगायलाही लाज वाटते. आठ दिवसांपूर्वी त्याने चार माणसांत माझी चूक दाखवली होती. ‘हजेरी एका दिवसानं चुकलीया साहेब,’ एवढंच तो म्हणाला होता, तेही हळू आवाजात. चूक माझीच होती. लोक हसले होते.

तो दहापासून चारपर्यंत उभा राहिला. समोर रिकामी खुर्ची होती. दोन वाजता मी त्याच्यासमोर डबा खाल्ला. तोंडाकडे बघवत नव्हतं, म्हणून दिवसभर मी त्याचे पाय बघितले. कोयता लागून डाव्या पायाची करंगळी गेली होती. टाचा भेगाळलेल्या, पावलं एकमेकांना चिकटलेली. चारला मी म्हटलं, “उद्या या.” दुसऱ्या दिवशी तो आला नाही, नंतरही कधी आला नाही. सुंठीवाचून खोकला गेला, असं मला वाटलं होतं. हो, असंच वाटलं होतं.

पुढचं मला नकुशीकडून कळलं, चहाच्या सुट्टीत. तिला वाटलं, मी आपुलकीने विचारतोय.

“आई दुपारी दोनच्या सुमाराला गेली,” ती म्हणाली. “सारखी दाराकडं बघायची. आबा कारखान्यात शिक्क्यासाठी उभं हुतं म्हणं. कुणाम्होरं उभं केलं हुतं, ते मातर मरस्तवर सांगितलं न्हाई त्यांनी. म्या लई इचारलं.”

“का सांगितलं नाही?”

“म्हणायचं, त्या माणसालाबी पोरंबाळं असतील. कशाला नाव घ्यायचं.”

मी चहा संपवला. सहा वर्षं मी तिच्याशी चांगला वागत आलो, आणि सहा वर्षं एकाच गोष्टीची भीती बाळगली: हिला कळलं तर.

गेल्या फेब्रुवारीत पुण्याच्या एका हॉटेलातला माल आला. भुऱ्या गालिच्याच्या एका गुंडाळीत एके ठिकाणी लव, म्हणजे वरचे मऊ धागे, दबलेली होती. त्यात नवल काही नाही. कपाटाच्या पायांनी, पलंगाच्या पायांनी लव दबतेच, वाफ दिली की वर येते. पण हे ठसे माणसाच्या पावलांचे होते, अनवाणी, शेजारी शेजारी. हॉटेलच्या खोलीत माणसं अनवाणी फिरतात, मी स्वतःला सांगितलं. वाफ दिली, ब्रश मारला. लव उठली नाही. मग मी खाली वाकून नीट बघितलं. डाव्या पावलाला चारच बोटं होती.

तो तुकडा मी स्वतः कापून मशीनमध्ये घातला.

आठ-दहा दिवसांनी एका ऑफिसातले चौकोनी तुकडे आले, पाचशे तरी असतील. त्यातल्या एकावर तीच पावलं. मग एका मांडववाल्याचा लाल गालिचा, शेकडो लग्नांत चपला-बुटांखाली तुडवला गेलेला. इतक्या पायांतून त्यावर दोनच ठसे राहिले होते.

मशीन चालवणारा भिमाजी पंधरा वर्षं गालिचेच बघत आलाय. त्याने लाल गालिच्यावरचं पाऊल वितीने मोजलं, मग बाजूला ठेवलेल्या चौकोनी तुकड्यावरचं मोजलं. दोन्ही सारखीच भरली.

“साहेब, ह्यो कोन हाय?” तो म्हणाला. “चालल्याली खूण न्हाई, बसल्याली न्हाई. नुसता उभा हाय.”

“कुणीतरी मशीन ठेवलं असेल त्यावर.”

“मशीनला बोटं असत्यात व्हय?”

मी हसलो. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, “नारळ फोडू का?” मी हो म्हटलं, आणि नारळ मीच फोडला. खाई त्याला खवखवे. भिमाजी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

त्यानंतर मी सकाळी सातलाच शिरूरहून निघायला लागलो. नकुशी येण्याआधी सगळा माल उलगडायचा, ठसे सापडले की तेवढा भाग कापायचा, पिंजून टाकायचा. मालक असून रोज खाली बसून कापतो म्हणून कामावरच्या बायका माझी चेष्टा करायच्या. “साहेबांना घरी झोपू देत न्हाईत वाटतं,” असं कुणीतरी म्हणे, आणि नकुशी त्यांना दटावे. ती दटावायची, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मार्चमध्ये एका सकाळी मी असे तीन तुकडे पिंजले. धागा बाहेर पडून छातीएवढा ढीग झाला. ताजा पिंजलेला धागा इतका मोकळा असतो की वर पाय ठेवला तर माणूस कंबरेपर्यंत आत जाईल. मी हात धुऊन परत आलो. ढिगाच्या माथ्यावर दोन पावलं उमटली होती, बोटभर खोल. बोटं माझ्या केबिनकडे होती.

शेडमध्ये कुणी नव्हतं. मी काठीने ढीग मोडला. खरं सांगतो, भीतीपेक्षा लाजच जास्त होती. तो काही करत नव्हता. दार वाजवत नव्हता, हाक मारत नव्हता. सांगितलं होतं तसा थांबला होता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी एसटी वाटेत बंद पडली आणि मला पोचायला अकरा वाजले.

केबिनच्या काचेतून मला माल तपासायचं टेबल दिसतं. बाकीच्या बायका सोलायच्या कामाला लागल्या होत्या. नकुशी एकटीच टेबलापाशी होती आणि काम करत नव्हती. समोर एका सभागृहाचा हिरवा गालिचा पसरलेला होता. तिने उजवा तळहात त्यावर टेकवला होता. मग तिची बोटं हळूहळू सरकली, एक, दोन, तीन, चार, आणि पाचवं जिथं असायला हवं तिथं थांबली.

तिने मला हाक मारली नाही. मीच गेलो.

“हात लावून बघा,” ती म्हणाली.

मी लावला. बाकीचा गालिचा गार होता. पावलं कोमट होती, नुकतंच कुणी बाजूला झाल्यासारखी.

“माज्या आबांचा पाय हाय ह्यो,” ती म्हणाली. “रोज तेल लावायची म्या. मला चुकंल का?”

“नकुशी, असं कसं...”

“तुमी रोज लवकर येऊन कापताय. भिमाजीमामांनी सांगितलं. तुमाला ठावं हुतं.”

मी केबिनमध्ये गेलो. ती मागोमाग आली. मी खुर्चीत बसलो.

“आबा कुणाम्होरं उभं हुतं, साहेब?”

‘मला काय ठाऊक’ हे शब्द जिभेवर तयार होते. अगदी सहज आले होते.

मी म्हटलं, “माझ्यासमोर.”

मग सगळं सांगितलं. हजेरीची चूक, खणातला शिक्का, रिकामी खुर्ची, दोन वाजताचा डबा. काही गाळलं नाही. डब्यात काय होतं तेही सांगितलं, ते का सांगितलं कोण जाणे. ती रडली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

“बस ना,” मी शेवटी म्हटलं.

ती बसली नाही. ती माझ्याकडे बघतही नव्हती. माझ्या टेबलासमोर, तिच्या डाव्या हाताला रिकामी जागा होती. ती तिकडे बघत होती, नजर थोडी वर करून. उंच माणसाकडे बघावं तशी.

मी उठायला लागलो. माफी मागायची होती, पायावर डोकं ठेवायचं होतं. कुणाच्या, ते मलाही ठाऊक नव्हतं.

तिने हात करून मला थांबवलं. मान कलती करून थोडा वेळ ऐकलं.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “आबा म्हणत्यात, साहेबास्नी उठवू नगस. त्यांचं काम खोळंबतंय.”

मग तिने कोपर धरावं तसा हात पुढे केला, आणि दारापर्यंत गेली. एका पायाने अधू असलेल्या माणसाबरोबर चालावं, इतकी सावकाश.

दार तिने उघडलं. स्वतः बाहेर पडली नाही. एका अंगाला सरकून, दार धरून, कुणीतरी पुढे जाईपर्यंत ती उभी राहिली.