लाल चौकटीतलं वाक्य

"काकू, माझ्या एका वाक्यामुळे एक आजी दवाखान्यात आहेत," पुतणी दारातूनच म्हणाली. चप्पल काढायचंही तिला सुचलं नाही.

काकूंनी आधी तिला पाणी दिलं. खासगी तपासाच्या धंद्यात त्यांचे केस पिकले होते. घाबरलेल्या माणसाला आधी बसवायचं, प्रश्न मग. काका, म्हणजे त्यांचे यजमान आणि एकुलते एक सहकारी, चष्मा शोधत होते.

पुतणीची कंपनी घरी वापरायचे ऑक्सिजन सिलिंडर पुरवायची. ग्राहकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर आता एआय एजंट चालवायचा. फोन तोच करायचा, सिलिंडरची फेरीही तोच लावायचा. त्याने हे सॉफ्टवेअर कसं वापरायचं, याची मार्गदर्शिका पुतणीने लिहिली होती.

"ग्राहक फोन उचलत नसेल तर खातं बंद करू नका, माणसाला कळवा. लाल चौकटीत आहे हे! तरी त्याने खाती बंद केली. आजींकडे सिलिंडर गेलाच नाही."

"बाकीच्यांचं काय?"

"कंपनीच्या मालकीणबाईंनी सकाळीच खाती पुन्हा उघडली, गाड्या निघाल्यात. पण सगळे म्हणतात, वाक्यच संदिग्ध आहे. दुपारी बैठक आहे. नोकरी जाईल ते जाईल, पण काकू, वाक्य खरंच चुकलं असेल तर?"

"पान मला पाठव," काका म्हणाले. "चष्मा काही सापडत नाही, फोन वाचून दाखवेल."

फोन सपाट आवाजात वाचू लागला. काका शेवटपर्यंत कान देऊन बसले. "पण यात खातं बंद करू नका असं कुठंय?"

"डुलकी लागली असेल तुम्हाला," काकू म्हणाल्या. पुतणीने स्क्रीनवर बोट ठेवलं. वाक्य ठसठशीत समोर होतं. काकूंनी ते पाहिलं, मग काकांकडे पाहिलं, आणि पर्स उचलली.

कंपनीत पहिला भेटला प्रोग्रामर. रात्रभर जागलेला, वैतागलेला.

"मी एजंटला पान देतो, तो वाचतो. पानाला मी हातही लावत नाही."

"वाचताना कधी अडतो का?"

"विक्रीप्रमुखांचं अडलं होतं. त्यांनी आलेखाचा फोटो टाकला आणि एजंट उत्तर देईना म्हणून खेकसले माझ्यावर. म्हटलं, साहेब, टाइप करून द्या."

डिझायनर घरून काम करायची. फोनवर मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. "मी आपली रंगरंगोटी करणारी, बाई. एजंट काळा की गोरा, मला ठाऊक नाही. अख्खं पुस्तक सजवायची तयारी होती, पण एकाच चौकटीचं काम आलं."

विक्रीप्रमुख मात्र मोकळेपणाने बोलले. "ती चौकट मीच उठावदार करून घेतली! सुरक्षा महत्त्वाची. नाहीतर हे फोन न उचलणारे ग्राहक म्हणजे आमच्या आकड्यांना लागलेलं ग्रहण. खातं चालू, विक्री शून्य."

"भला माणूस," काका बाहेर आल्यावर म्हणाले.

"अहो, तुमचा कान माझ्या कामाचा. मतं राहू द्या."

दुपारी बैठक सुरू झाली. काकूंनी मालकीणबाईंना वाक्य वाचायला सांगितलं. त्यांनी खणखणीत वाचलं.

"संदिग्ध वाटतं?"

"नाही. म्हणूनच तर कोडं पडलंय."

"आता त्यातला एकच शब्द निवडून दाखवा."

मालकीणबाईंनी माउस फिरवला. शब्द धरता येईना. दर वेळी अख्खी चौकटच निवडली जात होती.

"कारण ती अक्षरं नाहीत, अक्षरांचं चित्र आहे," काकू म्हणाल्या. "आपल्या डोळ्यांना फरक कळत नाही. आमच्या ह्यांच्या फोनला कळला, त्याने वाक्य गाळलं. मी उगाच डुलकीवर ढकललं. तुमचा एजंटही फक्त मजकूर वाचतो. त्याच्या लेखी तिथे काहीच नव्हतं. उरला तो फक्त प्रतिसाद नसलेली खाती बंद करायचा नियम."



"दुर्दैवी योगायोग!" विक्रीप्रमुख म्हणाले.

"डिझायनरला एजंट ठाऊक नाही. प्रोग्रामर पानाला हात लावत नाही. चौकट सजवून घेतली तुम्ही, आणि एजंटला चित्र वाचता येत नाही हे तुम्ही आलेखाच्या वेळी स्वतः अनुभवलंत. योगायोग असता तर धोक्याच्या सगळ्या सूचना सजल्या असत्या. तुमच्या आकड्यांच्या आड येणारी एकच सजली."

विक्रीप्रमुख टेबलाकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, फोन न उचलणारे आपल्याला सोडून गेलेत. कुणाला इजा व्हावी असं..."

"तू घरी जा," मालकीणबाई पुतणीला म्हणाल्या. "माझं चुकलं."

ती गेली नाही. तिने वाक्य साध्या अक्षरांत टाइप केलं, प्रोग्रामरला तपासायला लावलं, आणि सिलिंडर पोचल्याची खात्री करायला त्या ग्राहकांना एकेक करून फोन लावत बसली.

एका घरी घंटा वाजतच राहिली. काका म्हणाले, "नसेल कुणी. ठेव."

तिने नकारार्थी मान हलवली. बऱ्याच वेळाने पलीकडे काहीतरी सरकल्याचा आवाज आला, मग धाप लागलेला श्वास.

"पलंगावरून... उठायला वेळ लागतो, बाई..."

"लागू दे, आजोबा," ती म्हणाली. "मी थांबलेय."